साय, कोमट पाणी आणि तुझं कपाळ

हौसा, तुझं कपाळ भरत होते तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आत येऊ नका असं मला कुणी म्हणालं नाही. अशा वेळी म्हणावं लागत नाही. आम्हा बिनकुंकवाच्या बायकांना आपली जागा न सांगता कळते. आतलं बोलणं मात्र सगळं ऐकू येत होतं. कुणी लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होतं, कुणी हिरव्या बांगड्या चढवत होतं. मग पलीकडची सरूबाई म्हणाली, "लई भाग्याची गं बाई, अहेव गेली. भरा, चांगला मळवट भरा." मी चौकटीतून डोकावले. केसांपासून भुवयांपर्यंत तुझं कपाळ लालभडक झालं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अगं, हळू लावा." सरूबाईनं माझ्याकडं वळून पाहिलं. तिला वाटलं असेल, बाईंना दुःखानं काही सुचेना झालंय.

तुझा दहावा झाला. तुझे मालक, भाऊ, पुन्हा डेपोत कामावर जायला लागलेत. तुझी विमल सासरहून आलेली आहे, ती अजून राहील थोडे दिवस. भिंगारच्या या चाळीत आपल्या खोल्यांमधली भिंत एकच, त्यामुळं तिकडं तांब्या ठेवल्याचा आवाज झाला तरी मला इकडं कळतो, आणि दरवेळी वाटतं की तूच आहेस. लोक येतात, बसतात, चांगलं बोलतात. मी त्यांच्यात बसून मान हलवते. पण खरं सांगू का, मला चांगलं बोलायचंच नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते कशावरून होतं हे मला कालपर्यंत धड माहीतही नव्हतं.

आपला शेजार बरीच वर्षं होता, पण मैत्री नव्हती. तू भाऊंची घरधनीण, काष्टीच्या भरल्या घरातली लेक. मी प्राथमिक शाळेतली बाई, एकटी, तोंडानं जरा फटकळ. मैत्री झाली ती तोंडावरूनच. हिवाळ्याच्या दिवसांतली सकाळ होती, तू विरजण मागायला आलीस. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आरशासमोर बसून तोंडाला साय चोळत होते. चोरी पकडली गेल्यासारखी मी एकदम उठले. विधवा बाई, चाळिशी उलटलेली, मुलींना शुद्धलेखन शिकवणारी, आणि गालावर साय!

"बाई, दूध उतू गेलं का काय त्वांडावर?" तू विचारलंस.

"कातडी फुटते गं थंडीनं," मी म्हणाले. "वयही झालं. जरा मऊ राहते."

तू उंबऱ्यातच बसकण मारलीस आणि स्वतःचा गाल बोटानं ताणून मला दाखवलास. त्यावर बारीक पांढरा कोंडा होता, नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा. "मंग आमी काय गाडीचं चाक हाय? आमालाबी सांगा की तुमचं वंगन!" असं म्हणून तू जी हसलीस, ती हसताना तुझा ओठ फुटला आणि रक्त आलं. तरी हसतच होतीस.

तुझं तोंड धुणं मी त्याआधी कितीदा तरी नळावर पाहिलं होतं. ते धुणं नव्हतंच, घासणं होतं. भाऊंना मिळायचा तो अंगाचा ढब्बू साबण, नाही तर सरळ कपड्यांची वडी, आणि वर खरखरीत पंचा. आपल्या नळाचं पाणी असं जड की घागरीच्या बुडाला पांढरा थर धरतो. त्या पाण्यात साबण धड फेसाळत नाही आणि धड निघतही नाही. मी तुला हे सांगितलं तर तुझं म्हणणं, "त्वांड कसं करकर वाजलं पायजे बाई, तवा सोच्छ झालं म्हनायचं." मी म्हणाले, करकर वाजायला ते काय पितळेचं आहे? यावर आपला पहिला वाद झाला आणि तो पुढं वर्षभर पुरला.

तुला एवढी घाई का, तेही तू त्याच दिवशी सांगितलंस. विमलचं लग्न ठरत आलं होतं. "इहीन म्हनंल, ही पोरीची आई हाय का आजी?" आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणालीस की महिन्याचं अंगावरचं थांबत चाललंय, तेव्हापासून सगळं अंगच कसं वाळून चाललंय. हे तू दुसऱ्या कुणाजवळ बोलली नव्हतीस. मी मोठी शहाणी असल्यासारखी मान डोलावली. माझंही तेच चाललं होतं आणि मीही कुणाजवळ बोलले नव्हते. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं, हे तुला मी कधी सांगितलं नाही.

पुढं तू जे प्रयोग केलेस ते आठवले की अजून हसू येतं. कुणीतरी तुला डाळीच्या पिठात लिंबू पिळून लावायला सांगितलं. तू तासभर लावून बसलीस आणि मग रडकुंडीला येऊन माझं दार वाजवलंस. तोंड भाजलेल्या पापडासारखं झालं होतं. मग बाजारातून मुलतानी माती आणलीस. ती वाळल्यावर तुला बोलता येईना, आणि न बोलता राहणं तुझ्या पत्रिकेतच नव्हतं. मी तुला म्हटलं, "हौसा, ज्यांच्या तोंडाला तेल सुटतं त्यांनी हे करावं. तुझ्या माझ्या तोंडात तेल आहे कुठं ओढून काढायला?" तेव्हा कुठं तू ऐकलंस. मी पाट मांडला आणि म्हणाले, आता मी सांगते ते महिनाभर कर, मग बोल.

आपलं सगळं शास्त्र ते केवढं! सकाळी नुसतं साधं पाणी, उकळून निवलेलं, साबण अजिबात नाही. संध्याकाळी चूल आवरली की चमचाभर साय नाहीतर कच्चं दूध बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवायचं, कापसानं टिपायचं, मग कोमट पाण्याचे चार हबके. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं पुसायचं नाही, टिपायचं. आणि तोंड ओलसर आहे तोवर तळहातावर तिळाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन ते हलक्या हातानं दाबायचे. बस. एवढं सोपं असल्यामुळंच तुला ते पटेना. "आवं, ह्यात काई करल्यासारखंच वाटंना," म्हणायचीस. फडक्यानं टिपणं तर तुला कधीच जमलं नाही. माझं लक्ष नसलं की खसाखसा पुसायचीस. आणि तेल लावून बाजारात जायचं म्हणजे, "लोक म्हनतील, हौसाबाई भजी तळता तळता उठून आली."

तरी महिन्याभरात फरक पडला. तू माझा हात धरून आपल्या गालाला लावलास. खरंच मऊ झाला होता. नळावर ही बातमी फुटली आणि सरूबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बाईंना आता कुनासाठी उजळायचंय म्हनायचं?" माझी बादली हातातच राहिली. तू घागर खाली ठेवलीस. "सोतासाठी," म्हणालीस. "त्वांड बाईंचं हाय, तुमच्या आमच्या बापाचं न्हाई." मग माझी बादली हातातून घेऊन नळाखाली पहिली लावलीस. माझ्या बाजूनं असं चारचौघांत कुणी बोलल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. हौसा, त्या दिवशी मी तुला साधं 'बरं झालं बोललीस' एवढंही म्हणाले नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विमलचं लग्न वर्षभर पुढं गेलं. रेशनवरच्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी थापून थापून तुझे हात दुखायचे आणि त्या भाकरीला तू ज्या शिव्या द्यायचीस त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. दुधाला साय धरेना, मग दूधच परवडेना. आपण साय सोडली, कच्चं दूध सोडलं, राहिलं ते वाटीभर कोमट पाणी, मऊ फडकं आणि तेलाचा एखादा थेंब. गंमत अशी की तेवढंच पुरलं. उलट धुणं कमी झालं तशी कातडी सुधारली. तुझ्या गालांवरचा कोंडा गेला, ओठांच्या भेगा बुजल्या. एक कपाळ सोडून सगळं चांगलं झालं.

कपाळाचं काय, ते मला फार लवकर कळलं होतं. दोन भुवयांच्या जरा वर एक गोल चट्टा होता. कडा उठलेल्या, मध्ये खपल्या. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. तो बरोबर तुझ्या कुंकवाएवढा होता. बाजारात मिळतं ते नवं भडक कुंकू, बोट लावलं तर आठवडाभर बोटाचा रंग जात नाही असं, ते तू आधी मेण लावून त्यावर रेखायचीस. आणि आपण तेल सुरू केल्यापासून ते आणखीच घट्ट बसायला लागलं होतं. साबण बदलला, पाणी बदललं, पीठ सोडलं, साय सोडली. बदलायची राहिली होती ती एवढी एकच गोष्ट. तिच्याकडं आपण दोघींनी बघितलंच नाही. म्हणजे मी बघितलं आणि मान वळवली.

कारण सांगणार कसं? तूच विचार कर. थोडे दिवस कुंकू लावू नकोस, हे एका विधवेनं सवाष्णीला सांगायचं? उद्या भाऊंना डेपोत साधी ठेच लागली असती तरी चाळीनं माझं नाव घेतलं असतं. चाळीचं जाऊ दे, चाळीला मी पुरून उरले असते. पण तुझ्या मनात एक क्षणभर जरी आलं असतं की बाईंचं गेलं म्हणून माझं पुसायला निघाल्यात, तर मला तुझ्यासमोर उभं राहता आलं नसतं. 'दुसरं कुंकू आण', 'दुकान बदल', एवढं तरी म्हणता आलं असतं. मी मनात ते कितीदा बोलून पाहिलं. शाळेतून घरी येताना रस्त्यानं पुटपुटत यायचे. तुझ्या दारात पोचले की दुसरंच काहीतरी बोलायचे.

विमलच्या लग्नात तर मला राहवेना. मांडव लहानच होता, पण बाया पुष्कळ आल्या होत्या आणि येईल ती नवरीच्या आईला हळदकुंकू लावत होती. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मी मागं पिंपाजवळ तांदूळ निवडत बसले होते. समारंभात मी असं मागचंच काम मागून घेते. तू लगबगीनं तिथं आलीस, पदराचा शेव पाण्यात बुडवून कपाळावर दाबून धरलास आणि डोळे मिटलेस.

"आग आग व्हतीया नुसती, बाई."

मी ताट खाली ठेवलं. शब्द अगदी ओठावर होते. आणि मी म्हणाले, "ऊन लागलं असेल. रात्री तेल जरा जास्त लाव."

"व्हय, उनच आसंल," तू लगेच म्हणालीस. इतक्या पटकन तू माझं कधीच काही ऐकलं नव्हतंस. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्यानंतर मी बिचाऱ्या सगळ्यांवर आळ घेतला. आधी तिळाच्या तेलावर, म्हणून खोबरेल सांगितलं. मग खोबरेलावर, म्हणून लोणी. मग मिरचीवर, चुलीच्या आचेवर, तुझ्या वयावर. तू निमूटपणे एकेक करत गेलीस, जराही वाद न घालता, आणि मला वाटायचं, हौसा आता शहाणी झाली.

मग या थंडीत कावीळ झाली. पहिल्यांदा आपल्याला वाटलं, नुसता थकवा. नगरच्या दवाखान्यात तुला नेलं तोवर डोळे हळदीसारखे झाले होते. शाळा सुटली की मी यायचे. तुला बोलवत नव्हतं, हेच मला सगळ्यात भयंकर वाटायचं. मी वाटीत कोमट पाणी घेऊन फडक्यानं तुझं तोंड टिपायचे, आपल्या पद्धतीनं. गाल, हनुवटी, पापण्या, कानामागं. एकदा तू हळूच म्हणालीस, "बरं वाटतंय. वर बी फिरवा की."

वर तुझं कुंकू होतं. माझा हात तिथवर गेला आणि थांबला. आजारी सवाष्णीचं कुंकू, तेही माझ्या हातानं! "आता पुरे," मी म्हणाले. "गारठा लागेल." तू पुन्हा म्हणाली नाहीस. मान भिंतीकडं वळवून पडून राहिलीस. तुझ्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं ते, हौसा. एवढं आयुष्य बोलण्यावर काढलं मी, आणि शेवटी तुला म्हणाले काय, तर आता पुरे.

काल सकाळी विमल नळावर तोंड धुवत होती. रडून रडून सुजलेलं तोंड, आणि हातात तोच भाऊंचा साबण. मी तिला हाक मारून आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी कोमट केलं. उजेडात पाहते तो तिच्याही कपाळावर, कुंकवाच्या कडेनं, लाल रेघ उठलेली. तुझ्याच करंड्यातलं कुंकू लावत होती पोरगी. मी मनाशी म्हटलं, हिलाही मी आता गप्प बघत राहणार आहे का?

"विमल," मी म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण हे कुंकू तुला सोसत नाही. थोडे दिवस लावू नकोस. नाहीतर दुसरं घे."

तिनं मान वर केली, अगदी साधेपणानं. "व्हय की बाई. आईलाबी न्हाई सोसायचं."

"तिला माहीत होतं?"

"आईला? पैल्यापासनं. लावलं की आग व्हायची ना तिला. घरात आली की पुसून टाकायची आन् खोबरेल लावायची. आमचे वडीलबी म्हनायचे, नगं लावूस, मी भाकरीवर जगतो, तुज्या कुंकवावर न्हाई." मग ती जरा घुटमळली. "पर तुमची चाहूल लागली की परत लावायची. आमी चिडायचो तिच्यावर. तर म्हनायची, बाईंचं नशिबानं पुसलं गं. मालक जित्ता असताना मी आपल्या हातानं पुसून त्यांच्याम्होरं कशी बसू? त्यांच्या काळजाला काय वाटंल?"

मी तिचं तोंड टिपत होते. कशीबशी टिपत राहिले. तुझं दार वाजवलं की "आले आले बाई, थांबा वाईच," म्हणून तू आत इतका वेळ का लावायचीस, ते मला तेव्हा कळलं. आणि मी दिवसातून कितीदा यायचे! सकाळी एकदा, शाळेतून आले की एकदा, संध्याकाळी तोंड धुवायला म्हणून एकदा. औषध म्हणून यायचे मी, आणि दर खेपेला तू त्या खपलीवर मेण लावून कुंकू रेखून मला दार उघडायचीस. आणि लग्नात मी म्हणत होते, ऊन लागलं!

हौसा, मी रागावले आहे तुझ्यावर. सगळी चाळ तुझ्या तोंडाला भ्यायची, आणि माझ्याजवळ एवढं एक वाक्य बोलवलं नाही तुला? पण तुला मी काय बोलू, मलाही कुठं बोलवलं? दोघी एकमेकींचं मन जपत बसलो आणि ती आग मात्र तुझ्या एकटीच्या कपाळाला झाली. माझं कपाळ मोकळं झालं त्याला वीसेक वर्षं झाली असतील. सुरुवातीला आरशात बघवत नव्हतं, हे खरं. पुढं शाळा आली, दिवस गेले, सवय झाली. तुझं कुंकू बघून माझ्या काळजाला कधी काही झालं नाही गं. मी तुझ्याकडं यायचे ती तुझं हसणं ऐकायला यायचे. तू एकदा, फक्त एकदा, उघड्या कपाळानं मला दार उघडलं असतंस तर काय झालं असतं? काही नाही. घडीभर आपण दोघी सारख्या दिसलो असतो, आणि तू त्यावरही काहीतरी हसण्यासारखं बोलली असतीस.